दोन बापांचं माहेर

माझी आई मी तान्ही असताना भूकंपात गेली. तरीही मला ती आठवते, असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले. चेहरा आठवायचा नाही, कारण तिचा एकही फोटो उरला नव्हता. आठवायचा तो हात. मी तापानं पडले, किंवा शाळेतून रडून येऊन पालथी झोपले, की डोळा लागता लागता पाठीवर हात यायचा. खरखरीत आणि गरम. मानेपासून सुरू होऊन मणक्यावरून खाली जायचा, कमरेशी जरा थांबायचा, उचलला जायचा आणि पुन्हा मानेशी यायचा. सोबत एक आवाज असायचा. गाणं नव्हतं ते. ओठ मिटून कुणी घशातल्या घशात घुमावं तसं काहीतरी, लांबवलेलं. मी डोळे उघडत नसे. उघडले तर ती निघून जाईल, अशी माझी खात्री होती.

सकाळी उठून मी सांगायची, आई आली होती. आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नसे. भूकंपात गेलेली माणसं परत येतात, हे सास्तुरात घरोघरी कुणी ना कुणी सांगायचंच. शेजारच्या बायका म्हणायच्या, लेकरात जीव अडकलाय तिचा, येणारच. एकजण माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला लावायची, लांबून आलेल्याला तहान असते म्हणून. दादा, म्हणजे माझे वडील, शाळेत मास्तर. आमचं घर बौद्ध. भुताखेताच्या गोष्टींना दादा घरात थारा देत नसत. पण हे त्यांनी कधी खोडलं नाही. ऐकून घ्यायचे आणि उठून बाहेर जायचे.

मी लातूरला हॉस्टेलवर राहून शिकत होते, तेव्हा टायफॉइड झाला. खोलीत मी एकटी होते. तिथंही तो हात आला होता. त्यानंतर तर मला शंकाच उरली नाही.

आमचं जुनं घर दगडमातीचं, वर मातीचं जड माळवद. पहाटेच्या अंधारात ते बसलं तेव्हा आत आई होती आणि मी होते. दादा शेताकडं गेले होते, एवढंच मला सांगितलेलं. मी झोळीत होते. झोळी ज्या तुळईला बांधली होती ती तिरकी होऊन कोपऱ्यात अडकली आणि तिच्याखालच्या पोकळीत मी लोंबकळत राहिले. आई भिंतीकडंला झोपली होती. मला बाहेर काढलं ते आण्णानं.

आण्णा दादांचा मित्र, जातीनं धनगर. मेंढरं राखायचा आणि लोकांच्या रानात ती खतासाठी बसवायचा. सरळ सांगायचं तर तो आणि दादा जोडीदार होते. नवरा-बायको जसे असतात तसे. माझ्या आईशी दादांचं लग्न होण्याच्या आधीपासून. घरच्यांनी स्थळ बघितलं, दादांना नाही म्हणता आलं नाही, आणि लग्न झालं. हे मला पुष्कळ उशिरा समजलं. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या घरात दोन बाप आहेत, आणि बाकीच्यांच्या घरात एक.

भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आले. कुणाची बायको गेलेली, कुणाची सगळी लेकरं गेलेली. उरलेली माणसं जमतील तशी एकत्र राहत होती. त्यात एक मास्तर, एक मेंढपाळ आणि एक तान्ही पोर एका पत्र्याखाली राहिली, तर कुणी काही विचारलं नाही. माझ्या आजोळचं गावही जवळच होतं, तिथलं कुणी वाचलं नव्हतं. त्यामुळं मला न्यायलाही कोणी आलं नाही. पुढं दादांना स्थळं यायला लागली. पोरीला सावत्र आई नको, असं सांगून त्यांनी ती परतवली. लोक म्हणाले, मास्तरांचं मन मोठं आहे.

सरकारनं वसवलेल्या नव्या गावात घर मिळालं आणि आण्णा तिथंही आमच्यासोबतच राहायला आला, तेव्हा मात्र बोलणं सुरू झालं. तेही जातीवरून. धनगराचा माणूस यांच्या चुलीवर जेवतो, म्हणून त्याच्या भावकीनं त्याला लग्नकार्यात बोलवायचं बंद केलं. आमच्याकडचेही लोक म्हणायचे, याला कशाला घरात घेतलाय. लोकांना बोलायला एवढं पुरलं. त्याच्या आत कुणी डोकावलंच नाही.

दादांना मी ‘तुम्ही’ म्हणायची आणि आण्णाला ‘तू’. असं कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडं लेकरं बापाला अहो-जाहो करतात आणि आईला अगं-तुगं. वस्तीतली एक म्हातारी मला नेहमी रागवायची, एवढा मोठा माणूस, त्याला काय अरे-तुरे करतीस. मी दोन दिवस ‘तुम्ही’ म्हणून बघितलं. तिसऱ्या दिवशी आण्णाच म्हणाला, “आसं नगं बोलू. परकं वाटतंय.”

दादा मला अभ्यासाला बसवायचे, सायकलवर पुढं बसवून लोहाऱ्याच्या बाजाराला न्यायचे, माझे पाढे चुकले तर जेवायचे नाहीत. पण त्यांनी मला कधी कडेवर घेतल्याचं आठवत नाही. वेणी आण्णा घालायचा. भाकरी आण्णा करायचा. पहिल्यांदा मी विटाळाला बसले तेव्हा शेजारच्या मावशीला बोलावून आणायला आण्णाच पळाला, आणि दादा दिवसभर शाळेतून घरीच आले नाहीत. आण्णा घरात झोपायचा नाही. भूकंपानंतर तो छताखाली कधी झोपलाच नाही. अंगणात त्याची बाज असायची, शेजारी दादांची. पावसाळ्यात दोघं ओसरीच्या कडेला यायचे. मी आत, दार उघडं ठेवून.

कॉलेजात असताना पेपरात मला एक शब्द भेटला. समलिंगी. त्याखालची बातमी मी दोनदा वाचली. धक्का वगैरे बसला नाही. आमच्या घराला शहरात काय म्हणतात ते कळलं, इतकंच. सुट्टीत गावी आले. दादा ओट्यावर बसले होते आणि आण्णा त्यांचा पाय मांडीवर घेऊन बाभळीचा काटा काढत होता. मी म्हटलं, “दादा, मला माहीत आहे.” दादांनी माझ्याकडं बघितलं नाही. “बरं,” म्हणाले. मग म्हणाले, “चहा टाक तिघांना.” त्यावर आमच्यात पुन्हा कधी बोलणं झालं नाही. माझ्या नवऱ्याला मी लग्नाआधी सांगितलं. तो लातूरचाच. त्यानं विचार करायला थोडे दिवस घेतले आणि मग आण्णाच्या पाया पडायला आला.

दादा गेले ते रिटायर झाल्यावर, छातीत दुखून. बुद्धवंदना झाली, माझ्या चुलत्यानं अग्नी दिला. आण्णा गर्दीत मागं उभा होता, गावातला एखादा ओळखीचा माणूस उभा असावा तसा. मी जाऊन त्याच्याजवळ उभी राहिले. त्याचा हात धरावा असं वाटलं, पण त्यानं दोन्ही हात मागं बांधले होते. सगळे गेल्यावर तो मेंढरांत जाऊन बसला. पुढं वर्षाच्या आत त्यानं मेंढरं विकली, चार शेळ्या ठेवल्या. मी म्हटलं, लातूरला चल. तो म्हणाला, “हितं कुणीतरी पायजे.” कशासाठी, ते मी विचारलं नाही. घरासाठी म्हणत असेल, असं मला वाटलं.

मला दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी प्रेमानंच सांगितलं, बाळंतपण इथंच करू. तुझ्या माहेरी बाईमाणूस नाही. मी हट्ट धरला. पहिलं बाळंतपण माहेरीच करतात, असं मी म्हणत होते. मनातलं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, सास्तुरात गेले तर आई येईल. माझं बाळ बघायला ती येणार नाही, असं होणारच नाही. हे नवऱ्यालाही सांगितलं नाही.

आण्णानं सगळी तयारी केली होती. डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा. मावशीला विचारून विचारून लाडू वळले होते, एकही दुसऱ्यासारखा नव्हता. माझी बाज आतल्या खोलीत खिडकीपासून लांब टाकली होती. उमरग्याला दवाखान्यात मुलगी झाली आणि आम्ही घरी आलो. सकाळी मावशी यायची, मला आणि लेकीला न्हाऊ घालायची, ओव्याची धुरी द्यायची आणि जायची. आण्णा खोलीच्या दाराशी खाकरायचा, ताट उंबऱ्यावर ठेवायचा, आत यायचा नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं यायचं नसतं, हे त्यानं कुणी न सांगता पाळलं होतं. लेक रडायची तेव्हा तो ओसरीत येरझाऱ्या घालायचा, ते मला ऐकू यायचं.

आई आली नाही. मी वाट बघत होते. दुपारी लेक दूध पिऊन झोपली की मी मुद्दाम कुशीवर वळून, पाठ मोकळी ठेवून पडायची. अंग दुखत होतं, टाके ओढत होते, झोप लागायची आणि मोडायची. पाठीवर कुणी हात ठेवला नाही.

अशाच एका दुपारी जमिनीतून आवाज आला. आमच्याकडं तो अधूनमधून येतो. लांब कुठंतरी ट्रकमधून दगड ओतावेत तसा, पण पायाखालून. भांडी हलतात, न हलतात. नव्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. आण्णाच्या वयाची माणसं मात्र हातातलं टाकून बाहेर येतात. त्या दिवशी आण्णा न खाकरता आत आला, लेकीला उचललं आणि बाहेर गेला. “चल,” एवढंच म्हणाला. मी भिंतीला धरून त्याच्यामागं गेले. रस्त्यावर म्हातारी माणसं आपापल्या दारासमोर उभी होती. सगळे खाली, जमिनीकडं बघत होते.

पुन्हा आवाज आला नाही. माणसं हळूहळू आत गेली. लेक झोपेतून उचलल्यामुळं लालबुंद होऊन रडत होती. आण्णानं लिंबाखाली उभं राहून तिला डाव्या हातावर पालथी घेतली. उजवा हात तिच्या मानेशी ठेवला. मग तो हात सावकाश खाली आणला, कमरेशी थांबवला, उचलला, पुन्हा मानेशी नेला. ओठ मिटलेले होते. घशातून तो आवाज आला.

माझ्या पाठीला ते माझ्याआधी कळलं. मी दारातच पायरीवर खाली बसले. लेक गप्प झाली होती. आण्णा माझ्याकडं पाठ करून हलत उभा होता आणि मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, याचं मला बरं वाटलं.

संध्याकाळी तो चुलीपुढं भाकरी करत होता. मी लेकीला घेऊन बाजूला बसले.

“आण्णा, तू हिला तो आवाज करतोस, तो कसला?”

“मेंढी बुजली की करत्यात. गाभण आसली की जास्त बुजती.”

“मला करायचास?”

त्यानं भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर उभी केली. ती फुगली. मग म्हणाला, “तू झोपल्यावर.”

त्यानं सांगितलं ते असं. मला ढिगाऱ्यातून काढल्यावर दादांना मला हातात धरता येईना. घेतलं की ते लगेच मला खाली ठेवून निघून जायचे. कित्येक महिने असं चाललं. त्यामुळं मी आण्णाकडंच असायची. दूध तोच पाजायचा, झोपवायचा तोच. मी बोलायला लागले आणि एका सकाळी बायकांना सांगितलं की रात्री आई आली होती. दादांना ते ऐकवेना. ते म्हणाले, पोरीला खरं काय ते सांगू. आण्णा नको म्हणाला.

“तुला आई पायजे व्हती,” तो म्हणाला. “माझ्या हातातनं ती येत आसंल, तर येऊ दे म्हणलं. म्या कशाला मधी येऊ.”

तेव्हापासून तो मला जागेपणी कधी तसं थोपटेना. झोप लागली की यायचा आणि मी जरा हलले की हात काढून घ्यायचा. मी मोठी झाल्यावर तर फक्त आजारपणात यायचा. आपल्याच पोरीच्या आयुष्यातून त्यानं आपला हात काढून दुसऱ्या कुणाला देऊन टाकला होता.

“आणि लातूरला?” मी विचारलं. “हॉस्टेलवर मला टायफॉइड झाला तेव्हा?”

त्यानं निखारे मागं ओढले. “लातूरला म्या न्हवतो,” म्हणाला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मला त्याचे उपकार वाटायला हवे होते. वाटला तो राग. माझ्याजवळ आईचं म्हणून जे एवढंसं होतं, ते आता नव्हतं. ती मेली तेव्हा मला कळत नव्हतं. आता कळत होतं, आणि ती पुन्हा गेली होती. दूध साकळून मला ताप भरला. भिंतीकडं तोंड करून मी पडून राहिले. ताप आहे, आता तरी येईल, असं मन आपोआप म्हणायचं आणि मग आठवायचं की कोण यायचं. आण्णा ओसरीत बसून असायचा. मी त्याला हाक मारली नाही. तो आत आला नाही. लेकीलाही मी त्याच्याकडं दिलं नाही. ती रडली तर मावशीला हाक मारायची. त्याच्या ते लक्षात आलं. ताट उंबऱ्यावर ठेवून तो शेळ्यांकडं निघून जायचा.

ताप उतरल्यावर मी सकाळच्या उन्हात अंगणात बसले होते, लेकीला मांडीवर घेऊन. आण्णा शेळ्यांना पाला टाकत होता. मी काही विचारलेलं नसताना तो बोलायला लागला.

“तुझ्याकडं ती यायची का न्हाय, मला ठावं न्हाय. माझ्याकडं येती.”

मला आधी अर्थच लागला नाही. त्यानं पाला टाकून हात झटकले आणि थोडा लांब, जमिनीवर बसला. मग त्यानं मला ती गोष्ट सांगितली, जी दादांनी कधी सांगितली नव्हती.

भूकंप झाला तेव्हा दादा शेतावर नव्हते. आण्णानं गावाबाहेर कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती, तिथं ते त्याच्याजवळ होते. ते असे पुष्कळदा जायचे. उघड्या रानात दोघं झोपले होते, म्हणून दोघं वाचले. आई मागं घरात होती. आणि आईला ते कुठं जातात ते माहीत होतं.

“तिनं मला एकदाच इचारलं व्हतं,” आण्णा म्हणाला. “मास्तर तुमच्याकडं येत्यात ते नुसतं बोलायला न्हाय ना? म्या मान खाली घातली. ती म्हणली, मला खोटं सांगू नका, येवढंच. त्याच्यापुढं मास्तर निघालं की ती दोघांची भाकरी बांधून द्यायची. त्या दिशी बी दिली. म्हणली, जावा, पण उजाडायच्या आत या. पोरीला सर्दी हाय.”

उजाडायच्या आत दोघं आले होते. धावत आले होते. गाव सापडत नव्हतं. धुळीनं पहाट दिसत नव्हती. घर कुठलं, हेसुद्धा झोळीतून येणाऱ्या माझ्या रडण्यावरून कळलं. दादा तिथंच खाली बसले. दगड आण्णानं उपसले.

“शेळ्या बांधतो ना, तिथं उजाडताना येऊन उभी ऱ्हाती,” तो म्हणाला. “अंगाला माती आसती. बोलत काय न्हाय. तू घरात आसलीस की दाराकडं बघती. तू नसलीस की माझ्याकडं बघती.”

“दादांना दिसायची?”

“म्या कधी इचारलं न्हाय. त्यांनी बी कधी काढलं न्हाय.”

शेळ्या बांधायच्या जागेकडं मी बघितलं. दावणीचे खुंट होते, लेंड्या होत्या, ऊन होतं. मला भीती वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. आयुष्यभर मी जिची वाट बघितली, ती माझ्या अंगणापर्यंत येत होती आणि माझ्याकडं नव्हे, त्याच्याकडं येत होती. ‘हितं कुणीतरी पायजे’ असं तो का म्हणाला होता, तेही मला तेव्हाच कळलं. तो हे घर सोडून गेला असता तर ती येऊन कुणाकडं बघणार होती.

आण्णा उन्हात डोळे बारीक करून बसला होता. तो म्हातारा झाला आहे हे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. इतकी वर्षं तो रात्री एका बाईला आपला हात द्यायचा आणि त्याच बाईला सकाळी तोंड द्यायचा. मी उठले आणि लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं तिच्या टोपड्याची सुटलेली नाडी बांधली.

सव्वा महिना झाल्यावर नवरा न्यायला येणार होता. त्याच्या आदल्या दिवशी मी आण्णाला म्हटलं, मला जुन्या गावात ने. मी तिथं कधी गेले नव्हते. दादा नेत नसत आणि मला एकटीला जायचं धैर्य नव्हतं. मावशी नको म्हणत होती, ओली बाळंतीण आणि तान्हं लेकरू घेऊन तिकडं कशाला. आण्णानं छत्री घेतली, पाण्याची बाटली घेतली, आणि निघालो.

बाभळी माजल्या होत्या. काही ठिकाणी ढिगारे तसेच होते, वर गवत. एका कडेला कुणीतरी तूर पेरली होती. आण्णा पुढं चालत होता आणि नसलेल्या गल्ल्यांतून वळत होता. हितनं आत. हितं पिठाची गिरणी. हितं तुझ्या दादाच्या चुलत्याचा गुरांचा वाडगा. एका जागी तो थांबला. “हितं,” म्हणाला. बाभळीखाली दोन-तीन घडीव दगड होते आणि मुंग्यांचं वारूळ होतं. मी उभी राहिले. काहीतरी जाणवेल, अशी माझी समजूत होती. काही जाणवलं नाही. वारा होता, लेक झोपली होती, घाम येत होता.

जवळच्या लिंबाखाली आम्ही सावलीला बसलो. मी विचारलं, “आण्णा, ती कशी होती रे?”

हा प्रश्न मी त्याला कधी विचारला नव्हता. दादांनाही नाही. मला हात पुरत होता.

त्यानं छत्री मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, उंच नव्हती. चालायची मात्र भरभर, तिच्यासोबत चालायचं तर दादांना पळावं लागायचं. कुत्र्याला भ्यायची. चहात साखर इतकी टाकायची की दादा तोंड वाकडं करायचे, आणि ती म्हणायची, मग शाळेत प्या. घरामागं तिनं कोथिंबीर लावली होती, सांडपाण्यावर. एकदा आण्णाची दोन कोकरं सुटून आली आणि वाफा साफ करून गेली.

“काठी घिऊन माझ्या मेंढरांच्या वाड्यावर आली,” आण्णा म्हणाला. “म्हणली, माझा नवरा नेला तर नेला, कोथमीर तरी ठिवायची.”

तो हसला. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण ही बाई मला आवडली होती. हाताला तोंड नव्हतं. हिला होतं.

“मग तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार. दुसऱ्या दिशी बाजारातनं कोथमिरीची जुडी आणून दिली. तिनं घितली. म्हणली, ही शिळी हाय.”

एवढं बोलून तो माझ्या खांद्यावरून पलीकडं, बाभळीच्या दिशेनं बघत राहिला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण आता ते माझ्यासाठी नव्हतं. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर मला तूर आणि दगडच दिसले असते, आणि ते मला नको होतं.

लेक उठली आणि रडायला लागली. भूक लागली होती तिला. मी तिथंच एका दगडावर बसून पदर घेतला आणि तिला पाजलं. सावली सरकली होती, ऊन अंगावर येत होतं. आण्णा माझ्याकडं पाठ करून उभा राहिला आणि लेकीचं पिणं होईपर्यंत त्यानं छत्री हात मागं करून आमच्यावर धरली.